सुस्वभावी, उजव्या हाताची, वय जरा जास्त

आमच्या यार्डात गाड्या फार दिवस टिकत नाहीत, किस्से मात्र टिकतात. गाडीला निदान जहाज तरी मिळतं. किस्से कुठे पाठवणार? ते आपले ऑफिसच्या सोफ्यावर, चहाच्या मशीनपाशी साठत राहतात आणि नवीन माणूस आला की त्याच्या अंगावर येतात. आज तुम्ही सापडलात!

धंदा सांगायला सोपा आहे. सिंगापुरात गाडी ठरावीक मुदतीपर्यंतच चालवता येते. मुदत संपली की एक तर भंगारात, नाहीतर देशाबाहेर. आमचे सावंतसाहेब अशा गाड्या बाहेर पाठवतात आणि मी, नीता, त्यांच्या जहाजांचं बघते. अट एकच. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे घेणारा देशही उजव्या स्टिअरिंगचाच हवा.

असं स्थळ मिळून गाडी रवाना झाली की साहेब टाळी वाजवून म्हणतात, "चला, आणखी एक उजवली!"

उजव्या स्टिअरिंगची म्हणून उजवली, आणि लेक उजवतात तशीही उजवली. हा शब्द यार्डात इतका रुळलाय की आमचे मेकॅनिक टॅन अंकल, ज्यांना मराठीत दुसरं अक्षर येत नाही, तेसुद्धा लांबून ओरडतात, "नीता! उजावली ओके!"

*

एकदा साहेब एमआरटी ट्रेनमधून बायकोशी फोनवर बोलत होते. माणूस मालवणचा, हळू बोलणं ठाऊकच नाही.

"अगं, आज एकदम चार उजवल्या! दोघींची तर मी आशाच सोडली होती. एकीला पुढून मार लागलेला, पण जरा रंग लावला आणि लगेच पसंत! फोटोवरच हो म्हणाले!"

समोर एक मराठी बाई बसल्या होत्या. डोळे विस्फारून ऐकत होत्या. साहेबांना वाटलं, आता या आपल्याला पोलिसात देणार.

बाईंनी पर्समधून फोन काढला आणि नम्रपणे म्हणाल्या, "दादा, माझ्या भाचीचं तीन वर्षं जमत नाहीये. तुमचा नंबर देता का?"

*

आता खरी गंमत. आमच्या गाड्या घेणारा एक छोटासा बेटांचा देश आहे. नाव सांगत नाही, अजून तिथे आपले ग्राहक आहेत! त्या देशात अचानक चर्चा सुरू झाली की आठ वर्षांपेक्षा जुनी उजव्या स्टिअरिंगची गाडी यापुढे देशात घ्यायचीच नाही. कायदा येणार म्हणे!

दर शनिवारी सकाळी आम्ही बेडोकच्या हॉकर सेंटरला नाश्त्याला जमतो. साहेब, मी आणि कांबळेदादा. गौतम कांबळे म्हणजे साहेबांचे जुने मित्र, मूळचे अकोल्याकडचे, आंग मो किओतल्या एका कंपनीत इंजिनिअर. अतिशय सज्जन माणूस, पण एखादी गोष्ट पटली की मैत्रीबित्री काही बघत नाहीत.

"त्यांचं बरोबरच आहे," कांबळेदादा म्हणाले. "आपला धूर आणि आपले झिजलेले ब्रेक त्यांनी का म्हणून घ्यायचे? तो देश म्हणजे काय आपला माळा आहे, नको ते टाकायला?"

साहेबांच्या हातातला खोबऱ्याच्या जॅमचा काया टोस्ट हातातच राहिला. "अरे, इथली गाडी नियमाने म्हातारी होते, चालून नाही! वय बघून भंगारात काढायचं ना? मग मी एकसष्ट वर्षांचा आहे. सांधे वाजतात, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो. मलाही काढा मोडीत!"

कांबळेदादांनी चहाचा घोट घेतला. "काढलं असतं साहेब. पण बाहेर पाठवायचं म्हटलं तर तुम्हाला घेणार कोण?"

शेजारच्या टेबलावरचे तमिळ आजोबा उगाचच हसले. त्यांना मराठी येत होतं की काय देव जाणे!

*

आणि मग महिन्याभरात हेच कांबळेदादा त्यांची स्वतःची चंदेरी गाडी घेऊन यार्डात हजर! पंधरा वर्षांची गाडी. पाच वर्षांची मुदतवाढ एकदाच मिळते, ती घेऊन झालेली.

"जयभीम, नीताताई. सहज आलो. टॅन अंकल एकदा बघतात का हिला?" चेहरा असा, जणू घरच्या माणसाला ओपीडीत आणलंय.

टॅन अंकल आत बसले. गाडी मागे घ्यायला रिव्हर्स टाकला आणि पुढच्याच क्षणी दार उघडून बाहेर! धावत माझ्यापाशी आले.

"वाह लाउ! युअर फ्रेंड्स कार गॉट आंटी इनसाइड, लाह!"

"कसली आंटी?"

"शी शाउटिंग! शी वॉन्ट पपाया!"

आम्ही सगळे गाडीकडे पळालो. साहेबांनी रिव्हर्स टाकला आणि डॅशबोर्डाखालून खणखणीत आवाज आला, "गौतम, मांगं पाय रे बाप्पा!"

कांबळेदादा खाली बघत होते. "आई आहे," ते म्हणाले.

*

तर ती पपायाची गोष्ट अशी. कांबळेदादांच्या आई अकोल्याहून आल्या की मागच्या सीटवर बसायच्या आणि गाडी रिव्हर्सला पडली रे पडली की ओरडायच्या, 'मांगं पाय', म्हणजे मागे बघ म्हणून. सिंगापूरच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर! मग या इंजिनिअर मुलाने थट्टा म्हणून आईचाच आवाज टेप केला आणि रिव्हर्सच्या सेन्सरला जोडून टाकला. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "मी म्हणतो तेच म्हणते लेकाची!" गाडीला म्हणाल्या. पुढे आई गेल्या. आवाज राहिला.

हे ऐकल्यावर मीच घाईघाईने म्हटलं, "अहो दादा, मग फोनवर रेकॉर्ड करून ठेवा ना!"

"केलंय. पण नीताताई, फोनमध्ये ती नुसती बसून राहील. आई रिकामी बसलेली मला आठवतच नाही. तिला काम पाहिजे. कोणाची तरी गाडी मागे घेताना ती ओरडली पाहिजे."

म्हणजे भंगार नाही. गाडी कुठल्या तरी रस्त्यावर चालायलाच हवी. आणि इतकी जुनी गाडी अजून घेणारा देश आमच्याकडे एकच उरला होता. तोच, ज्याने कायदा करावा म्हणून कांबळेदादा दर शनिवारी भांडत होते!

साहेबांना केवढी संधी होती टोमणा मारायची! मी वाटच बघत होते. पण साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "कांबळे, नवरीबरोबर पाठराखीण जातेच. आई जातील पाठराखीण म्हणून. उजवू या हिला."

गाडी त्याच आठवड्यातल्या जहाजावर चढली. मला मात्र धाकधूक होती. जहाज पोचायच्या आत कायदा झाला तर गाडी बंदरावरच अडणार आणि तिथेच मोडीत निघणार.

*

आणि काय सांगू, जहाज अर्ध्या वाटेवर असताना त्या देशाच्या समितीने व्हिडिओवर सुनावणी ठेवली! गाड्या पाठवणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला साहेबांना बोलावलं. साहेबांनी तांत्रिक सल्लागार म्हणून कांबळेदादांना शेजारी बसवलं. मी कॅमेऱ्याच्या मागे, हातात पाण्याची बाटली.

अध्यक्षबाई मोठ्या रुबाबदार होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही आम्हाला जुन्या गाड्या का विकता?"

साहेबांनी तयारी केली होती, पण उत्साहाच्या भरात सगळी विसरले. डोक्यात मराठी, तोंडात इंग्रजी! "मॅडम, वी डोन्ट सेल! वी मॅरी! एव्हरी मंथ वी आर मॅरीइंग सो मेनी कार्स इन युअर कंट्री!"

पलीकडे कोणीतरी खोकलं. मी बाटलीचं झाकण चावलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर सावंत, लग्नच लावताय, तर मग नवरीचं वय विचारायचा हक्क आम्हाला आहे ना?"

समिती खो खो हसली! साहेबांनी टेबलाखालून कांबळेदादांना ढोसलं. आता दादा काय बोलणार? या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि गाडी तर समुद्रात!

"मॅडम, तुमची काळजी योग्य आहे," कांबळेदादा म्हणाले. साहेबांनी डोळे मिटून घेतले. "खराब गाडी घेऊच नका. ब्रेक बघा, धूर बघा, नापास झाली तर मोडून टाका. माझी स्वतःची गाडी आत्ता तुमच्याकडे यायला निघाली आहे. पंधरा वर्षांची आहे. तिलाही हाच नियम लावा. फक्त आधी तपासा, मग वय विचारा."

बाईंनी रोखून पाहिलं. "इतकी खात्री आहे? या गाडीत तुम्ही स्वतःच्या आईला बसवाल?"

कांबळेदादा अगदी सरळ आवाजात म्हणाले, "मॅडम, शी इज ऑलरेडी सिटिंग."

*

निकालाच्या दिवशी ऑफिसात कोणी काम केलं नाही. मोबाइल चहाच्या मशीनवर टेकवून त्यांच्या संसदेचं थेट प्रक्षेपण लावलं होतं. एक खासदार बोलायला उभा राहिला तो बसेचना! टॅन अंकल येरझाऱ्या घालत दर मिनिटाला विचारत होते, "आंटी हाउ? आंटी कॅन गो इन?"

शेवटी कायदा झाला. आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी बंद! पण लगेच पुढचं वाक्य आलं. जी वाहनं आधीच समुद्रात आहेत त्यांना तपासणी करून आत घेतलं जाईल.

साहेबांचा सगळ्यात मोठा बाजार त्या दिवशी बंद झाला आणि हा माणूस खुर्चीवर चढून ओरडत होता, "उजवली! उजवली रे!" टॅन अंकल तर कांबळेदादांना मिठी मारून नाचत होते. कांबळेदादा म्हणाले, "साहेब, तपासणी व्हायचीय अजून," पण ऐकतंय कोण!

*

गाडी पास झाली. तिथल्या एका छोट्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घेतली. सिस्टर ग्रेस त्यांचं नाव. पुढे एके दुपारी ऑफिसच्या नंबरवर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नेमके कांबळेदादा चहाला आले होते.

स्क्रीनवर चंदेरी गाडी, मागे नारळाची झाडं, भोवती डझनभर पोरं. सिस्टर ग्रेस म्हणाल्या, गाडी उत्तम आहे, परवा रात्रीच एका बाळंतिणीला वेळेवर पोचवलं. पण रिव्हर्स घेताना गाडी काहीतरी ओरडते. पोरांनी तिचं नावच पपाया ठेवलंय. मी आले की सगळी एका सुरात ओरडतात. आमचा मेकॅनिक म्हणतो, ते काढून टाकू का?

साहेबांनी झटकन फोन हातात घेतला. "नो नो, सिस्टर! नॉट रिमूव्हिंग! शी इज फ्रॉम ब्राइड्स साइड!"

सिस्टर गोंधळल्या. "पण ती म्हणते काय?"

साहेबांनी फोन कांबळेदादांच्या हातात दिला. दादा म्हणाले, "सिस्टर, प्लीज, एकदा रिव्हर्स घेता का?"

सिस्टर गाडीत बसल्या. पोरं बाजूला झाली. गिअर पडल्याचा आवाज आला.

"गौतम, मांगं पाय रे बाप्पा!"

आणि आमच्या ऑफिसात, फोन हातात धरलेल्या कांबळेदादांनी खरंच मागे वळून पाहिलं.