शुक्रवारची चौकट

"पाठवून दे गं तिला. इथं कोठारात उंदरांची जत्रा भरलीय, तिची नखं तरी कामाला येतील!" तिरुवैयारूहून मामा फोनच्या स्पीकरवर आईला सांगत होते.

"बरं, रविवारी तिला न्यायला ये," आई म्हणाली.

मी दाराआड उभी होते. आमची मांजरी माझ्या पायाशी.

अपराध तिचाच होता. पुढच्या दाराची सागवानी चौकट तिनं एका बाजूनं पार पिंजून काढली होती. आईनं लिंबाची साल चोळून पाहिली, चिकटपट्टी लावून पाहिली, ओरडून पाहिलं. मी मागच्या अंगणात एक ठेंगणा ओंडका ठेवला, तर त्याच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

रविवारला सहा दिवस होते. ती नेमकी कधी ओरबाडते, ते मी पाहू लागले. झोपून उठली की ती चौकटीपाशी जाई, मागच्या पायांवर उभी राहून सगळं अंग ताणी आणि मग नखं ओढी. म्हणजे ओंडका तिला आखूड पडत होता. एवढं कळलं.

शुक्रवारी मात्र वेगळंच घडलं. आईनं दर शुक्रवारसारखी चौकट धुतली, हळद लावली, कुंकवाचे ठिपके दिले. ती हात धुवायला आत वळते न वळते तोच मांजरी आली, ओली हळद हुंगली आणि दोन्ही पंजांनी तुटून पडली.

"अय्यो, बघ! मुद्दाम करते. देवाधर्माचं वावडंच आहे हिला," आई बाहेर येत ओरडली.

मुद्दाम, हे मलाही पटलं. पण कशासाठी? मांजरांच्या पंजांचा वास लाकडाला लागतो आणि ती त्यांची खूण असते, असं मी वाचलं होतं. आई दर शुक्रवारी तिची खूण धुऊन टाकत होती, आणि ती पुन्हा उमटवत होती. आई हळद लावते तीही घराला काही बाधू नये म्हणूनच ना? हे मी आईला विचारलं नाही.

शनिवारी बाजारातून काथ्याची दोरी आणली. कमरेएवढ्या एका जुन्या वाशाला ती घट्ट गुंडाळली आणि तो चौकटीला लागूनच भिंतीला पक्का केला. मांजरी झोपते तो टॉवेल त्यावर घासला. संध्याकाळी ती उठली, आधी चौकटीवरच एक पंजा मारला. मग वाशाकडे वळली, बराच वेळ हुंगत राहिली आणि त्यावर अंग ताणलं.

रविवारी मामा झाकणाची टोपली घेऊन आले. "कुठंय आमची नवी वॉचमन?"

मामांनी मांजरीला उचललं. मी टोपलीचं झाकण दाबून धरलं.

"मामा, तिला खाली ठेवा. शुक्रवारची हळद यापुढे मी लावेन, पण तिचा वासा कुणी धुवायचा नाही. ती इथंच राहणार."