पाचवीची हळद

घरी आणल्यापासून माझी मुलगी पिवळी दिसत होती आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आई तिला रोज सकाळी पायांवर घेऊन अंघोळ घालायची. आधी कोमट खोबरेल, मग डाळीच्या पिठात कालवलेली हळद. मानेच्या वळ्यांत, कानांमागे, तळपायांना, कुठेही जागा सोडायची नाही. वर कितीही पाणी ओतलं तरी तो रंग पुरता उतरत नसे.

दवाखान्यातून सोडताना नर्सने बजावलं होतं, "बाळ पिवळं दिसलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर लगेच घेऊन या." मी मान डोलावली होती. पण आमच्या घरात बाळ रोजच पिवळं दिसत होतं.

माझं माहेर थळच्या बाजूला, समुद्राला लागून. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आईने माझ्या खोलीच्या खिडकीला गोधडी बांधली होती. दिवसाही एक पिवळा बल्ब लावलेला असायचा. त्या उजेडात मला माझे स्वतःचे हातसुद्धा पिवळे दिसायचे.

चौथ्या दिवशी दुपारी मी पोरीला पाजायला घेतलं. तिने दोनदा ओढलं आणि ती झोपली. मी तिच्या तळपायाला टिचकी मारली, ओल्या फडक्याने गाल पुसला. तिने डोळे उघडले नाहीत. सकाळी बांधलेली लंगोटी कोरडीच होती.

"आई, ही पीत नाही गं."

"झोपली हाय तवर झोपू दे. तूपण अशीच व्हतीस."

शेजारची काकी सुका जवळा निवडत दारात बसली होती. ती हसली. "गुणाची बाय हाय. आमच्या घरातल्यांनी तर वाडी डोक्यावर घेतली व्हती."

मी पोरीला परत गुंडाळून निजवलं. आईने डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकले, म्हणून मी कॉलेजात बसू शकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्याबद्दल तिने मला कधी ऐकवलं नाही. उलट मीच तिला काही समजावायला लागले की माझा आवाज चढल्यासारखा मला वाटतो. आणि बाळ वाढवणं तर तिचंच काम होतं. मला तिने वाढवलं होतं, मी समोर धडधाकट बसले होते.

पाचव्या दिवशी पाचवी होती. संध्याकाळी सटवी येते, बाळाचं नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. ती येऊन जाईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. आईने सकाळीच पाटा-वरवंटा घासूनपुसून पूजेसाठी भिंतीशी मांडला होता. बाजूला वाटीत हळद, कुंकू, फुलं. माझा नवरा उरणच्या कंटेनर यार्डातल्या कामावरून संध्याकाळपर्यंत येणार होता.

अंघोळीच्या वेळी पोरगी रडली नाही. आदल्या दिवशी निदान किरकिरली तरी होती. आईने तिला टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिलं तेव्हा तिची मान, हात, सगळंच सैल लागलं. मी पुन्हा पाजायचा प्रयत्न केला. दूध ओठांच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं.

मग मी उठले आणि तिला छातीशी धरून ओट्यावर गेले.

"अगो, कुठं चाललीस?" काकी ओरडली. "पाचवी व्हायची हाय! वारा लागंल पोरीला!"

आई मोरीतून ओल्या हातांनी धावत आली. "आत हो आधी. शिकलीस म्हणून काय कायपण करशील?"

ते मला लागलं, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं. ओट्यासमोर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. मी पोरीच्या डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि अंगठ्याने एक पापणी हलकेच वर केली.

"आई, हे बघ. इथे तर तू हळद लावली नव्हतीस ना?"

आई वाकली. डोळ्याचा पांढरा भाग पिवळाधमक होता. तिने दुसरी पापणी स्वतः उघडून पाहिली. काकी काहीतरी बोलत होती, दृष्टबिष्ट. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "रिक्षावाल्याला हाक मार जा."

"आन् पाचवी?"

"सटवीला सांग, दवाखान्यान ये."

आम्ही रिक्षाने अलिबागला निघालो. वाटभर आई पदराने पोरीचा पाय पुसत राहिली, हळद निघेल आणि खालून गोरा पाय दिसेल या आशेने. पाय तसाच पिवळा राहिला.

डॉक्टरांनी टाचेतून रक्त घेतलं. सुई टोचली तेव्हाही ती फक्त कण्हली. कावीळ बरीच वाढली आहे, आणखी वाढली तर मेंदूला धोका आहे, असं त्यांनी सांगितलं आणि लगेच तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोटी. मी काढलेलं दूध नर्स नळीने पोटात सोडत होती. आम्ही दोघी काचेबाहेरच्या बाकावर बसलो.

"मीच लावली ना हळद," आई म्हणाली.

"हळदीने कावीळ होत नाही. डॉक्टर म्हणाले ना."

"पन हळदीखाली झाकली तर गेली."

मी तिचा हात धरला. नखांत अजून पिवळं होतं.

संध्याकाळी नवरा थेट दवाखान्यात आला. दिवा चालूच होता. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर काचेआडून एक बारीक, चिडका आवाज आला. आई ताडकन उठली. "आपलीच काय गो?" आपलीच होती. भूक लागली होती तिला. नर्सने तिला माझ्या मांडीवर दिलं. तिने इतक्या जोरात ओढलं की मला कळ आली आणि मी रडत हसले.

"आता म्हनायचं," आई म्हणाली. "गुणाची बाय."

रक्तातली कावीळ उतरल्यावर आम्ही घरी आलो. पाटा-वरवंटा भिंतीशी तसाच होता, फुलं सुकली होती. आईने ती काढली, ताजी वाहिली आणि पाचवी उशिरा का होईना, केली. खिडकीवरची गोधडी तिने त्याआधीच सोडली होती. पूजा झाल्यावर हळदीचं बोट सवयीने पोरीच्या कपाळाकडे गेलं. मध्येच थांबलं. क्षणभर ते बोट तसंच हवेत राहिलं, मग तिने ते माझ्या कपाळाला लावलं.