किल्ली कोणाकडे?

मी मोखाड्यात मास्तरकी केली असं लोक म्हणतात. खरं तर मी माणसं मोजली. जनगणना, मतदारयादी, शाळाबाह्य मुलं. मधे वेळ उरला तर पाढे आणि इंग्रजी शिकवलं. दिवाळीनंतर आदिवासी पाड्यावर गेलं की निम्म्या घरांना कुलूप असायचं. तरी माझं काम अडत नसे. शेजारची बाई उंबऱ्यातूनच सांगायची, "ती जगाया गेली, भिवंडीला, वीटभट्टीवर. होळीला येतील." त्या घरातली माणसं, शेळ्या, कोंबड्या, सगळं तिला पाठ, कारण घराची किल्ली तिच्याच कनवटीला. म्हणून छापील रकान्यांच्या शेवटी मी हाताने आणखी एक आखायचो: किल्ली कोणाकडे? साहेबांनी दोनदा झापलं. मी आखतच राहिलो.

निवृत्त झालो आणि मोजायला कुणी उरलं नाही. बायको म्हणाली, तांदूळ निवडा. तेवढ्यात मुलगी नोकरीसाठी अमेरिकेतल्या कुठल्याशा मध्यम आकाराच्या शहरात गेली. एकटी पोर, माझा जीव टांगणीला लागला. मी वही काढली आणि व्हिडिओ कॉलवर तिच्या गल्लीची गणना सुरू केली.

"समोर कोण?"

"एक आजी. सत्तरीच्या आहेत. दुकानात गल्ल्यावर उभ्या असतात."

"या वयात? मुलगे?"

"दोन. दुसऱ्या राज्यात असतात."

मी लिहिलं: स्थलांतर. "डावीकडे?"

"मेक्सिकोची माणसं. छपरं बसवतात. बर्फ पडला की दक्षिणेकडे कामाला जातात."

"मुकादम कोण?"

"बाबा!"

मी चष्मा पुसला. पोर इतक्या लांब गेली आणि पुन्हा पाड्यावरच राहायला लागली होती. फक्त शेळ्या नव्हत्या.

"तुझी किल्ली कोणाकडे?"

"माझ्या घराला किल्लीच नाही. दारावर आकडे दाबायचे. ते फक्त मला माहीत."

"आणि तू आत आजारी पडलीस तर?"

तिने विषय बदलला. मी भडकलो. रकाना कोरा राहिला तर फॉर्म परत येतो, असं तिला सरकारी आवाजात बजावलं. मग रोज सकाळी फोन करून तेच. बायको म्हणाली, "अहो, पोरगी तुमचा नंबर ब्लॉक करील."

खरंच दोन दिवस फोन उचलला गेला नाही. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी उचलला, तर पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई, हातात गरम सूपची वाटी. मागे पलंगावर मुलगी, पांघरुणात गुंडाळलेली.

"ताप होता, बाबा. उठवतच नव्हतं. समोरच्या आजी आल्या. तुमच्या कटकटीपायी आकडे देऊन ठेवले होते त्यांना."

आजी माझ्याशी इंग्रजीत बरंच काही बोलल्या. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माझ्या तोंडून एवढंच निघालं, "थँक्यू. सिट डाऊन." त्या मुकाट खाली बसल्या.

मुलगी हसली. म्हणाली, "त्यांनी त्यांच्याही घराची किल्ली मला दिलीय. तेही लिहा."

मी पेन उघडलं, पण रकानाच दिसेना. शेवटी बायकोने वही ओढून घेतली आणि दोन्ही घरांचं तिनेच लिहिलं.