दारावरची दगडी ओळ

लग्नानंतर बेंगळुरूला निघाले तेव्हा जालना स्टेशनवर आबांनी, माझ्या वडिलांनी, खिडकीतून लाडवांचा डबा दिला आणि म्हणाले, "तिथली भाषा जल्दी शीक, बाई. बिलकुल लाजू नको." भोकरदनकडं शेती करणाऱ्या माणसाला भाषेची एवढी काळजी का, हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही. सिटी बसच्या पाट्या वाचत मी कन्नड शिकले, बँकेत रुळले. माझी मुलं तर भांडतातसुद्धा कन्नडमध्येच.

मागच्या दिवाळीत माहेरी गेले, तर जुन्या जालन्यातल्या माझ्या हायस्कूलची डागडुजी चाललेली. नव्वदीतल्या आबांना ऑटोत बसवून बघायला नेलं. दारावरचा चुना खरवडला होता आणि दगडात कोरलेली एक ओळ उघडी पडली होती. त्या बुजलेल्या रेषांना आम्ही पोरी वेलबुट्टी समजायचो.

"काय लिहिलंय, आमच्यात कुणाला लागत न्हाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "उद्या वरून ग्रॅनाइटची पाटी बसवतोय."

आबांनी मान वर केली. हवेतच उजवीकडून डावीकडे बोट सरकवत वाचलं, "मद्रसा फौकानिया. म्हंजी हायस्कूल."

"आबा, तुम्हाला उर्दू येतं?"

"इथंच शिकलो की. निजामाचं राज्य, सगळं उर्दूतच. मंग रझाकाराचा दंगा सुरू झाला. घरदार टाकून, निजामाची हद्द वलांडून खामगावला गेल्तो. वापस आलो तर शाळा मराठी झाल्ती." परत वर बघत म्हणाले, "त्या अक्षरांकडं पुन्हा बघूच वाटलं न्हाई. अक्षरांचा काय कसूर, पण."

मग मुख्याध्यापिकांकडं वळले. "म्याडम, झाकू नका. राहू द्या."

त्यांनी गवंड्याला हाक मारली. ग्रॅनाइट फाटकाशेजारच्या भिंतीवर गेलं.

म्हणजे घर सोडणारी मी आमच्यातली पहिली नव्हतेच. इतकी वर्षं दर रविवारी फोनवर मी विचारत आले ते जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. आता विचारते, खामगावात कुणाकडं उतरलात? वाटेत काय खाल्लंत? परत येताना भीती वाटली का?

"थांब, आठवून सांगतो," आबा म्हणतात.

मग पलीकडं नुसता पंख्याचा आवाज येत राहतो. मी फोन कानाशी धरून बसते. खिडकीखालून कन्नडमध्ये भाजीवाला ओरडत जातो, आणि मी दोन्हीकडं घरी असते.