बाजूनं पाहणारी मैनाबाई

मैनाबाईच्या डोळ्यांचं असं झालं होतं की समोर पाहिलं की मधोमध भोक. कडेकडेचं सगळं दिसे. पुढ्यात बसलेल्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा तेवढा गायब. तो पाहायचा तर मान वळवून भलतीकडेच पाहावं लागे, मग कोपऱ्यात थोडासा उमटे. पन्नास वर्षं हातमागापाशी बसून तुटका धागा लांबून ओळखणाऱ्या डोळ्यांनी म्हातारपणी हा तमाशा मांडला होता. डॉक्टर म्हणाले, भोक वाढतच जाईल.

धाकटा भूपेश म्हणाला, "माय, काही पाहायचं राहिलं काय तुह्यं?"

"वाळवंट."

"नागपूरचा मे महिना इतके वर्षं काढला, तरी वाळवंट राहिलंच काय?"

खरं तर तिला थोरला संजीव पाहायचा होता. बाप गेल्यावर भूपेशनं घरचे हातमाग मोडून सरपणात काढले, तेव्हा संजीव भांडून निघाला. भूपेश असेल तिथं पाय ठेवणार नाही म्हणाला. बारा वर्षं झाली. आता तो जैसलमेरकडे विजेच्या तारांच्या कामावर होता, वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास. भूपेशपुढं त्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून वाळवंट.

नात रुचिकानं चोरून फोन लावून दिला. "इतवारी सकाळी नऊले त्या उद्यानाच्या गेटवर ये गा," मैनाबाई म्हणाली. "एक डाव पाहू दे तुले." डोळ्यांचं मात्र बोलली नाही. लेकरू एकटं राहते, त्याच्या जिवाले घोर काहून लावा.

"पाहतो," संजीव म्हणाला.

सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शुक्रवारी पहाटे मनीषनगरातून गाडी निघाली. सून हर्षानं तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या, त्या इंदूरलाच संपल्या. मैनाबाईला रस्ता दिसे तो कडेकडेचाच: म्हशी, ढाबे, बाभळी. हर्षा म्हणाली, "आई, तुम्हीच खरं पाहून राहिल्या. आम्ही तर ट्रकच्या मागचं वाचून राहिलो."

रविवारी पावणेनऊला ते गेटवर पोचले. भूपेश अन् हर्षा तिकिटाच्या खिडकीशी गेले. रुचिका काकाला फोन लावत होती, पण नेटवर्कच नव्हतं. काका गेला तेव्हा ती पाच वर्षांची, तिला त्याचा चेहरा ठाऊक नव्हता.

"मी वळखीन," मैनाबाई म्हणाली.

दहा पावलांवर झाडाखाली कोणी उभं होतं. बूट दिसले, स्वेटर दिसला. मैनाबाईनं तो चेहरा धरायला मान वळवून कुंपणाकडे पाहिलं. कोपऱ्यात नुसता धूर आला. माणूस हलेना, बोलेना. असंन कोणी चौकीदार, तिला वाटलं. परक्या माणसाकडं किती टकमका पाहावं? रुचिकाचा हात धरून ती पुढं गेली.

दहा वाजले. "माय, जीप थांबून आहे, चाल ना," भूपेश म्हणाला. काय करते, चढली. आत माळढोक दिसला. सगळे कुजबुजले.

"दिसला काय माय?"

"दिसला बाप्पा. केवढा थोर."

दुपारी परतीच्या वाटेवर नेटवर्क आलं अन् रुचिकाच्या मोबाईलवर संजीवचा निरोप वाजला. पोरीला आवाज दाबायचंही सुचलं नाही.

"रुचिका, मी आठपासून झाडाखाली उभा होतो. भूपेश होता म्हणून पुढं झालो नाही. म्हटलं, माय येईन. मायनं माह्याकडं पाहिलं, मान फिरवली अन् निघून गेली. तिचंही बरोबर आहे. आता फोन नको करू."

भूपेशनं गाडी कडेला घेतली. मागं वळून मायकडं पाहिलं. मोबाईल घेऊन बारा वर्षांनी स्वतः भावाला फोन लावला. दोनदा घंटी गेली अन् कट झाला. मग बंदच.

"मांगं फिरवू काय?"

"कोठी फिरवतं? तारांचं काम आज येथी, उद्या तेथी. झाडाखाली थोडाच बसला असंन तो."

मग ती रुचिकाकडे वळली. "पोरी, तुवा तरी पाहिला काय वं? केस पिकले काय त्याचे?"

"आजी, मी मोबाईलमधीच पाहून राहिली होती."

"हर्षा?"

हर्षानं नाही म्हणून मान हलवली. भूपेशला तिनं विचारलंच नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून होता.

"तेराशे किलोमीटर चौघंजणं आलो," मैनाबाई म्हणाली, "अन् एकानंही पाहिला नाही. चाल गा बाबू, मंगळवारी तुही ड्युटी आहे."