शोधलं, तपासलं

"फळ्याचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवं. काकूंना झेपत नाही हो."

सचिवकाका हे म्हणाले तेव्हा मी आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात दोन कपाटांच्या मधल्या बोळात उभी होते. हातात आईनं परत करायला दिलेले दोन दिवाळी अंक होते. पलीकडे सभागृहात रविवारच्या सभेसाठी खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि त्या खडखडाटामुळे सगळे जरा मोठ्यानंच बोलत होते.

"झेपत नाही कसं? अक्षर बघा अजून, छापल्यासारखं," दुसरा आवाज म्हणाला. हे शेजारच्या इंद्रपुरीहून येणारे, कारखान्यातले निवृत्त फोरमन. त्यांना सगळे आबा म्हणतात.

"अक्षराचं काय घेऊन बसलात, आबा? पन्नास-साठ माणसं आपण थंडीत ग्राउंडवर उभी केली. दिसलं काय? पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा!"

"दिवा मात्र छान दिसला, हं."

"हसू नका. आज सभेत विषय काढतो. भिंतीवर एक टीव्ही लावून टाकू, आपोआप सुविचार येत राहतील. काकूंनाही आराम."

मी तिथंच थांबले. ती माणसं ग्राउंडवर माझ्यामुळे उभी राहिली होती आणि हे फक्त दोघींना माहीत होतं, मला आणि काकूंना.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. बरखेड्यात, कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत त्या राहतात. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी ट्रेसरची नोकरी केली. इंजिनिअरांनी काढलेली भलीमोठी ड्रॉइंग्ज पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायची, एक रेघ इकडची तिकडे न होऊ देता. काका गेले, नोकरी संपली, मुलगा पुण्याला स्थायिक झाला. तो दर फोनला म्हणतो, "आई, आता इकडे ये, एकटी काय करतेस तिथं?" आणि काकू दर वेळी म्हणतात, "इथं मला काम आहे." काम म्हणजे हा फळा. मंडळाच्या दाराशी, चपला काढतात तिथं लावलेला. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी त्या ओल्या फडक्यानं तो पुसतात आणि नवा मजकूर लिहितात. मुलाला द्यायला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नाही, हे मला माहीत होतं.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटी चौकट असते. त्यांच्या ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगवर अशी चौकट असायची: कोणी काढलं, कोणी तपासलं. दोन्ही जागी सही असल्याशिवाय कागद वर्कशॉपला जायचा नाही. काकूंनी ती सवय फळ्यावर आणली. वर मजकूर आणि खाली दोन शब्द, 'शोधलं' आणि 'तपासलं'. दोन्हींपुढे त्यांची एकच खूण, एक छोटा त्रिकोण. गेली दोन वर्षं त्यातल्या 'शोधलं' पुढचा त्रिकोण खरं तर माझा होता.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत हिंदी. लोकांना वाटतं, हिला तीन भाषा येतात. मला मात्र तिन्हींमध्ये गप्प बसता येतं. एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी घरून करते, म्हणजे दिवसभरात कुणाशी बोलावं लागतंच असं नाही. कामाच्या मधल्या वेळेत मी इंटरनेटवर भटकायचे आणि सापडेल ते साठवायचे. हळदीचा डाग उन्हात का उडतो. जुनी कुलुपं कशी उघडतात. कुठल्याशा बेटावरचे लोक शिट्ट्या वाजवून एकमेकांशी कसं बोलतात. माझ्या फोनमध्ये 'नंतर वाचू' नावाचा एक फोल्डर होता. त्यात शेकडो दुवे पडून होते आणि ते 'नंतर' कधी येत नव्हतं. कधीमधी एखादा दुवा कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, तर दोन अंगठे यायचे. त्यातला एक न उघडताच दिलेला असायचा. ते लगेच कळतं.

काकूंनी मला पहिल्यांदा विचारलं ते वाचनालयातच. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या आणि मी रांगेत फोन बघत होते.

"एवढं काय वाचतेस गं त्यात?"

"काही नाही."

"काही नाही ते एवढं मन लावून?"

मग मी सांगितलं की मसाल्यातलं दगडफूल हे फूल नसतं. एक बुरशी आणि एक शेवाळ एकत्र राहतात, त्यातून ते तयार होतं. एवढंच एक वाक्य बोलले आणि माझे कान गरम झाले.

काकूंचा शिक्का हवेत थांबला. "आणि आम्ही इतकी वर्षं गोड्या मसाल्यात बुरशी घालतोय? कोण म्हणतं हे?"

"एका साइटवर होतं."

"साइट म्हणजे कोण? माणूस असेल ना कुणीतरी मागे. त्याला कसं माहीत? आणखी कुणी म्हणतं का? बघून ये गुरुवारी."

मी घरी जाऊन बघितलं. कितीतरी महिन्यांनी मी एखादं पान शेवटपर्यंत वाचलं. मग दुसरं, मग तिसरं. गुरुवारी मी सांगायला लागले तर निम्मे शब्द इंग्रजीत येत होते. काकू खडू हातात धरून उभ्या. "असं नाही. समजलं असेल तर आपल्या भाषेत येईल. येत नसेल तर अजून समजलं नाही." मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते चार सोप्या वाक्यांत आलं आणि काकूंनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे गर्दी होती. नागपूरकडच्या एक मावशी घरून मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल पुडीत बांधून घेऊन आल्या होत्या आणि चष्मा वर सरकवून ते बघत होत्या. "आमच्या सासूबाईंना सांगायला हवं होतं, त्या उपासालाही घालायच्या." कुणीतरी म्हणालं, "चालतं हो, बुरशीला कुठं जात असते?" मी बुटांच्या रॅकपाशी उभी राहून ऐकत होते. मला झालेला आनंद कुणाला दिसू नये म्हणून मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

त्या आठवड्यात काकूंनी विचारलं, "चौकटीत तुझं काय लिहू?" मी म्हटलं, "काहीच नको. तुमचंच असू दे." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. एखाद्याला उजेडात ओढायचं नाही आणि सावलीतही एकटं सोडायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं.

दोन वर्षं असं चाललं. आठवड्याला दोन गोष्टी. बाकीचं साठवलेलं मी हळूहळू पुसून टाकलं, कारण आता मला कळायला लागलं होतं की जे मला काकूंना सांगता येत नाही, ते माझ्याकडे नाहीच. एक गोष्ट निदान दोन ठिकाणी बघायची. कुठल्या गावाबद्दल, कुठल्या काळाबद्दल लिहिलंय ते बघायचं. शंका असेल तर फळ्यावर तसं लिहायचं. एकदा मी आणलेलं एका यंत्राचं चित्र काकूंनी फळ्याला चिकटवलं, ते बघून आबा म्हणाले, "हे उलटं छापलंय." मी जवळ दिसले म्हणून त्यांनी मलाच तासभर उभं करून समजावलं आणि सोमवारी काकूंनी फळ्यावर दुरुस्ती लिहिली. लोकांनी ती मूळ मजकुरापेक्षा जास्त आवडीनं वाचली.

आणि मग या फेब्रुवारीतला तो गुरुवार. अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावरून जाताना साध्या डोळ्यांनी दिसतं, चालत्या चांदणीसारखं, हे मी आणलं होतं. ते बरोबरच होतं. काकूंना ते फार आवडलं. "कधी दिसेल ते सांग, सगळ्यांना बोलावू." त्या दिवशी ऑफिसचं काम अंगावर आलं होतं. दुपारी मी ऑफिसच्याच लॅपटॉपवर एक साइट उघडली, शनिवारची वेळ बघितली आणि काकूंना फोन केला. संध्याकाळी सात वाजून बत्तीस मिनिटं.

"तपासलंस?"

"हो," मी म्हटलं. नजर दुसऱ्या खिडकीतल्या कामावर होती.

शनिवारी सात वाजताच ग्राउंड भरलं. माकडटोप्या, शाली, सतरंज्या, थर्मास. एका घरानं तर तिळाच्या वड्या केल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा, जे एरवी दवाखान्याशिवाय खाली उतरत नाहीत, ते काठी टेकत आले आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणली गेली. आबा घड्याळ बघून उलटी गिनती करत होते. बत्तीस झाले. तेहतीस. चाळीस.

"वो देखो, वो देखो!"

"अरे यार, प्लेन है वो."

"काकू, गाडी लेट आहे की फलाट बदलला?"

लोक हसत होते, पण माना दुखायला लागल्या होत्या. आजोबांना उचकी लागली म्हणून त्यांना आत नेलं. आठ वाजता काकू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माझं काहीतरी चुकलं. सगळ्यांना त्रास झाला, माफ करा." मी मागे, गोलपोस्टपाशी होते. तोंड उघडलंसुद्धा नाही.

घरी येऊन फोनवर तीच साइट उघडली तर वेळा वेगळ्याच. मग लॅपटॉप उघडला. पानाच्या अगदी वर, बारीक राखाडी अक्षरांत, शहराचं नाव होतं: सिंगापूर. आमच्या ऑफिसचं नेटवर्क तिथून फिरून येतं, त्यामुळे साइटला मी तिथं बसलेय असं वाटत होतं. दुसरीकडे एकदा बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

सकाळी काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या आधी खूप हसल्या. "म्हणजे आपण सिंगापूरचं आकाश बरखेड्यात शोधत होतो!" मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "हे बघ, मी तुला विचारलं, पण स्वतः पाहिलं नाही. तपासणाऱ्यानं नुसतं विचारायचं नसतं, पाहायचं असतं. खूण माझी, तर चूकही माझी. तुझं नाव निघणार नाही. ते आपलं ठरलंय."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी तेच वाटलं. लाज आली ती चहा संपल्यावर, घरी परतताना.

हे सगळं झालं त्याच्या पुढच्या रविवारची ही सभा. दिवाळी अंक टेबलावर ठेवून मी शेवटच्या रांगेत आईशेजारी बसले. हळदीकुंकवाचा खर्च झाला, पाण्याच्या मोटरचा विषय झाला. मग सचिवकाकांनी चष्मा पुसला. ते वाईट माणूस नाहीत. अगदी हळुवारपणे बोलले. काकूंनी एवढी वर्षं सेवा केली, आता वयाप्रमाणे चुका होणारच, परवाच्या प्रकारानं मंडळाचं थोडं हसं झालं, मुलगाही पुण्याला बोलावतोच आहे, तेव्हा त्यांनी आता विश्रांती घ्यावी.

सगळे काकूंकडे बघू लागले. पहिल्या रांगेत त्यांची पाठ मला दिसत होती. मला वाटलं, त्या काहीतरी म्हणतील. त्यांना सांगण्यासारखं खूप होतं आणि खरं असलेलं एक वाक्य पुरे होतं. त्या म्हणाल्या, "बरं. मंडळ ठरवेल तसं."

आबांनी खुर्चीत चुळबुळ केली. सचिवकाकांनी वहीत काहीतरी टिपलं आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

मी त्या सभागृहात लहानपणापासून येत होते आणि तिथं एकदाही मोठ्यानं बोलले नव्हते. गणपतीत श्लोक म्हणायला उभं केलं तर आईच्या मागे लपायचे. आता उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे सरकून जोरात वाजली. आई खालून म्हणाली, "अगं, काय झालं?" कुठल्या भाषेत बोलावं हे क्षणभर सुचेना. मग काकूंच्या चार सोप्या वाक्यांची सवय कामी आली असावी.

"काका, पान उलटू नका," मी म्हटलं. "ती वेळ मी आणली होती. काकूंनी मला विचारलं, तपासलंस का, आणि मी न बघता हो म्हटलं. दोन वर्षं फळ्यावर जे येतंय ते मी शोधते, आणि ते शोधायचं कसं, विचारायचं कसं, सांगायचं कसं, हे सगळं मला काकूंनी शिकवलंय. त्यांचं काही चुकलेलं नाही. तुम्ही त्यांना विचाराल तर त्या माझं नाव सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगतेय."