सेनोबियाची शिट्टी

रविवारी सकाळी धुक्यातून शिट्टी ऐकू आली की माझा नवरा पांघरूण डोक्यावर ओढून म्हणायचा, “लागली बघ म्हातारी!” हाच माणूस पूर्वी त्या शिट्टीला एकाच पायात चप्पल घालून धावत सुटायचा.

शिट्टी सेनोबियाची. लिमा शहराच्या कडेला, या वाळूच्या टेकडीवर आम्ही एका रात्रीत चटयांची खोपटी ठोकली, तेव्हा पोलीस आले तर सगळ्यांना उठवायला कोणीतरी हवं होतं. सेनोबिया विधवा, पोरंबाळं नाहीत, झोप कुत्र्यासारखी सावध. शिट्टी तिच्या गळ्यात पडली ती कायमची. तुटक वाजली तर पोलीस, लांब वाजली तर श्रमदान. पोलीस शेवटी कंटाळले, आम्ही काही हललो नाही.

मग पायऱ्या बांधायला घेतल्या. वर गाडी चढत नाही, त्यामुळे पायथ्यापासून माथ्यापर्यंत माणसांची साखळी लागायची. खालच्याकडून घमेलं घ्यायचं, वरच्याला द्यायचं. प्रत्येक घराची जागा ठरलेली. सगळ्यात वर सेनोबिया, तिच्या खाली मी. ज्याच्या दारचं काम त्याच्या चुलीवर सगळ्यांचा रस्सा, आणि रश्शाचे भरलेले वाडगेही त्याच साखळीतून हातोहात खाली जायचे. जो श्रमदानाला आला नाही त्याला आठवडाभर सामाईक टाकीचं पाणी बंद. “नका येऊ, आराम करा!” सेनोबिया दारादारांत ओरडायची. “घसा कोरडा पडला की माझी आठवण काढा!” लोक तिला शिव्या घालायचे आणि यायचे. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्माची आई म्हणून तिनेच धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

पुढे वीज आली, घरोघरी नळ आले, जागेचे कागद झाले. चटयांच्या विटा झाल्या, विटांना लोखंडी दारं लागली. एकेकाला आपापलं मिळालं तसा एकेक जण साखळीतून सुटला. कोणी भांडून गेलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडायला तरी कोणी असतं. मीही दुकानासाठी खालच्या वळणावर राहायला आले. माथ्यावर सेनोबिया एकटी उरली.

मध्यंतरी विद्यापीठातली एक मुलगी विचारपूस करायला आली होती. लोक एकत्र कसे आले, कशासाठी आले, असं सगळं. सेनोबिया तिच्याशी दुपारभर बोलत बसली. निघताना मुलीने विचारलं, “मग आता का नाही येत?”

“ते तू सांगशील म्हणून तर एवढी बोलले, पोरी,” सेनोबिया म्हणाली. मुलगी ओशाळली. तिचा तरी काय दोष?

गेल्या हिवाळ्यात सेनोबियाच्या खोपटाखालचे दगड सरकायला लागले. खाली आधाराची भिंत घालणं भागच होतं. तिने शिट्टी वाजवली. कोणी आलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही रविवारी. शेवटी ती माझ्या दुकानात येऊन बसली.

“दोन गवंडी लाव ना, कोमाद्रे,” मी म्हटलं. “हल्ली सगळे तेच करतात.”

“भिंत हवीच आहे गं. पण ती तुम्ही येऊन बांधायला हवी. वर कोणी फिरकतच नाही. माझा आवाज मलाच ऐकू येतो दिवसभर.”

मला वाईट वाटलं, रागही आला. या वयात असा हट्ट कशाला?

वस्ती समितीचा अध्यक्ष फिदेन्सिओ याच्या कानावर ते गेलं. माणूस भला. त्याने गवंडी लावायला घरोघरी वर्गणी मागितली आणि कधी नव्हे ते एकानेही कुरकुर केली नाही. सेनोबियाला कळलं तशी ती दुकानात धावत आली. गहू, बटाटे आणि पिशवीभर कोंबडीचे पाय घेतले.

“अगं, गवंडी दोघंच आहेत,” मी म्हटलं.

“पण वर्गणी सगळ्यांची ना? मग भिंतही सगळ्यांची, जेवणही सगळ्यांचं. कामात वाटा घेतला आणि जेवायला आला नाही, असं या टेकडीवर कधी झालंय?”

मी सगळं तोलून दिलं. ती गाणं गुणगुणत पायऱ्या चढून गेली. कित्येक वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

रविवारी शिट्टी वाजली, लांब. नवरा म्हणाला, “आता कशाला? पैसे दिले की!”

दुपारी दुकान बंद करून मी वर गेले. भिंत उभी राहिली होती. चांगली पक्की, खोटं कशाला बोलू. गवंडी जेवून, हात धुऊन निघून गेले होते. अंगणात श्रमदानाच्या वेळचं ते मोठं पातेलं अजून जवळजवळ काठोकाठ भरलेलं होतं आणि शेजारी वाडग्यांची चळत. पुसून लख्ख केलेली.

“बस, कोमाद्रे. येतीलच आता,” ती म्हणाली.

मी एक वाडगा खाल्ला, मग दुसरा. पोटात जागा नव्हती तरी तिसरा घेतला. ऊन कलायला लागलं. मला राहवेना. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन मी ओरडले, “अरे, निदान जेवायला तरी या!”

खालून कोणीतरी ओरडून उत्तर दिलं, “आम्ही जेवलोय! सेनोबियाबाईंना म्हणावं, तब्येतीला जपा!” मग एका दाराची कडी वाजली.

सेनोबियाने ते ऐकलं. तिने पळी उचलली, एक वाडगा भरला आणि माझ्या हातात दिला. माझे हात जुनेच. वाडगा घेतला आणि पुढच्याला द्यायला मी आपोआप खाली वळले. पायरीवर कोणी नव्हतं. तशीच वाडगा धरून उभी राहिले.

मागे सेनोबियाने दुसरा वाडगा भरून पुढे केला होता.